छावणीतून आलेल्या बारा ओळी

१७ फेब्रुवारी १९१८

ही वही मी कामगार मंडळाच्या सभागृहातून उचलून आणली. चोरली म्हटलं तरी चालेल. मंडळाचं हस्तलिखित मासिक आता निघायचं नाही, कारण लिहिणारे सगळे बंदुका घेऊन उत्तरेच्या आघाडीवर गेलेत. माझा धाकटा भाऊ एमेलीही गेला, दंडाला कामगारांच्या फौजेची लाल पट्टी बांधून. त्याच्या अंगावरचा कोट मीच शिवलेला. जाऊ का, असं मात्र मला कुणी विचारलं नाही.

घरात आता त्याची बायको साइमी, आठ वर्षांची इम्पी, तीन वर्षांचा ओइवा आणि मी. मी म्हणजे बेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, घरोघर जाऊन शिवणारी आत्या. जमीन कोर्पिलाच्या मालकाची, आम्ही त्याची कुळं.

आज एमेलीचं पहिलं पत्र आलं. साइमीला छापील चांगलं वाचता येतं, पण हाताचं अक्षर लागत नाही. इकडच्या पुष्कळ बायकांचं तसंच आहे. पाद्रीबाबा दरसाल वाचनाची परीक्षा घेतात ती छापील धर्मपुस्तकावर. बायकांना लिहायला यावं असं त्यांना कधी वाटलं नाही. मी मंडळात शिकले. त्यामुळे पत्र मी वाचायचं आणि तिने हात पुसून समोर बसायचं, अशी रीत पडली आहे.

"जिवंत आहे," एमेली लिहितो. "बंदूक माझ्यापेक्षा जास्त खोकते. पाद्रीबाबांना सांगा, इथे वर बघून प्रार्थना करायची सोय नाही, वरून गोळ्या येतात. ताईला सांगा, कोटाची शिवण पक्की आहे, तिच्या संशयासारखी."

साइमी हसली. मला नाही आवडलं. दोघं माझ्यामागे काय काय बोलत असतील, कोण जाणे.

३ मार्च

दुसरं पत्र. अक्षर तेच, गवत ओढायच्या दाताळ्यासारखं एका बाजूला कललेलं. "सगळं ठीक आहे" असं दोनदा लिहिलंय. दोनदा लिहिलं म्हणजे ठीक नाही. साइमीला मी एकदाच वाचून दाखवलं.

१४ एप्रिल

एमेली लढत होता ते शहर पडलं. पांढऱ्यांनी, म्हणजे मालक लोकांच्या फौजेने, घेतलं. आपले मारले गेले किती आणि पकडले किती, कुणाला पत्ता नाही. कोर्पिलाचा मालक दंडाला पांढरी पट्टी बांधून घरी आला आणि चार जणांना घेऊन आमच्या घराची झडती घेऊन गेला. माझ्या मशीनच्या खणात हात घालून म्हणाला, "काडतुसं शिवतेस की काय, आलिना?"

"नाही मालक, तुमच्याच लेंग्याची नाडी आहे ती. मागच्या शरदात दिलात, अजून न्यायला आला नाहीत."

त्याच्याबरोबरचा एक जण हसला. मालक हसला नाही. मी नंतर विचार करत बसले: भुशाखाली लपवलेली आमची पिठाची गोणी त्याने नेमकी कशी शोधून नेली? साइमी म्हणते, भुशावर ओइवाच्या हाताचे पांढरे ठसे होते. असतील. पण कोर्पिलाकडे दूध काढणाऱ्या बाईशी साइमीचं फार गूळपीठ आहे, हेही मी लिहून ठेवते.

१९ मे

एमेली जिवंत आहे! दक्षिणेकडच्या कैद्यांच्या छावणीतून पत्र आलं. बारा ओळी. जास्त लिहायची परवानगी नसावी.

साइमीने माझ्या हातातलं पत्र हिसकावलं, छातीशी धरलं, मग परत दिलं. "वाचा ना वन्सं, वाचा."

मी वाचलं. "प्रभूच्या कृपेने मी जिवंत आहे. प्रभूने मला माझ्या पापांची जाणीव करून दिली आहे. प्रभू तुमचं रक्षण करो. प्रभूच्या इच्छेने शक्य असेल तर पाव पाठवा. उजव्या हाताला लागल्यामुळे एका मित्राकडून लिहवून घेत आहे."

साइमी रडत होती. माझ्या मात्र डोळ्यांतलं पाणी अर्ध्यातच आटलं. अक्षर सरळ, गोल, एखाद्या शाळेतल्यासारखं. आणि एमेलीच्या तोंडी प्रभू? लग्नात "आमेन" म्हणायच्या जागी हा शिंकला होता, मी शेजारीच उभी होते.

"हाताला लागलंय ना त्याच्या," साइमी म्हणाली.

"हाताला लागलं तर अक्षर बदलेल. माणूस कसा बदलेल?"

"उपाशी माणूस बदलतो, वन्सं."

२३ मे

साइमीने चार पाव भाजले. पीठ आमच्याकडे इतकंच की निम्मी पाइनची वाळवलेली साल घातली. तीही तिनेच झाडावरून सोलून, वाळवून, दळून आणली. एरवी भोकाचे पाव दांडीवर ओवून वर्षभर टांगतो. या वर्षी दांडी नुसतीच आढ्याला आहे. त्यातले तीन पाव बांधून मी स्टेशनपर्यंत चालत जाऊन पोस्टात दिले. अकरा किलोमीटर जायला, अकरा यायला. पोरांनी सालीची लापशी खाल्ली. ओइवाचं पोट दुखत होतं.

२ जून

दुसरं पार्सल टाकायला गेले तर पोस्टातली बाई मला खिडकीजवळ ओढून कुजबुजली, "पलीकडच्या गावातल्या बाईचं ऐकलंस? दीड महिना नवऱ्याला पार्सलं पाठवत होती. नवरा पहिल्याच आठवड्यात गेलेला. शेजारी झोपणारा त्याच्या नावाने पत्रं लिहायचा आणि खायचा."

"कळलं कसं?"

"नवरा तिला कधी 'प्रिय' म्हणाला नव्हता."

मी पार्सल दिलं. पण परतताना तेच डोक्यात घोळत राहिलं. 'प्रिय' एवढ्यावरून तिला कळलं. मला तर बारा ओळींत चार वेळा प्रभू आला आहे.

६ जून

दुसरं पत्र. "पाव मिळाला. अर्धा मित्राला दिला. प्रभूची स्तुती असो." पुढे भजनाच्या दोन ओळी. एमेलीला भजन? त्याला एकच गाणं यायचं, तेही बायकांसमोर म्हणण्यासारखं नाही.

साइमीला हे सगळं दिसत नाही की बघायचं नाही? तिला म्हटलं, "मला यात पाणी मुरताना दिसतंय."

"वन्सं, तुम्ही देवाकडेही पावती मागाल."

मागीनच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या वर्षात कुणाचं तोंड पोळायचं राहिलंय?

उत्तरात मी एक प्रश्न घातला. साइमीला सांगितलं नाही. लिहिलं: "लहानपणी आपली मान्सिक्की गाय वसंतातल्या कच्च्या बर्फावर गेली आणि बुडाली. गोठ्याचं फाटक कुणी उघडं टाकलं होतं?"

हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नाही. मी अकरा वर्षांची होते, एमेली सहाचा. बाबांनी विचारलं तेव्हा त्याने स्वतः मान डोलावली होती. बाबांनी पट्ट्याने त्याला इतकं मारलं की तो आठवडाभर पालथा झोपला. ज्याने मार खाल्ला तो विसरणार नाही. आता बघू.

१६ जून

उत्तर आलं. दोन प्रभूंच्या मध्ये एकच ओळ: "फाटक तू उघडं टाकलं होतंस, ताई."

खोटं! साफ खोटं. एमेलीने स्वतः कबूल केलं होतं, घरादारासमोर. त्याला दुसरं काही ठाऊक असणं शक्यच नाही, एवढंसं पोर ते. हा कुणी तिसराच आहे. दोनच पोरं होती, एक विचारतंय म्हणजे दुसऱ्याने केलं असणार नाही तर पहिल्याने; टाकला फासा. चुकला.

ती ओळ मी साइमीला वाचून दाखवली नाही. कोर्पिलाच्या मालकिणीचा सदरा उलटा शिवला आणि सगळा उसवावा लागला. राग येतो माणसाला, दुसरं काय. माझ्या भावाचं प्रेत कुठे पडलंय आणि हा त्याच्या नावाने पाव मागतोय, वर मलाच आरोपी करतोय.

१७ जून

साइमीने पार्सल बांधून दिलं. मी निघाले. स्टेशनच्या वाटेवरच्या पुलापर्यंत गेले, दगडावर बसले. तीन पाव मांडीवर. ओइवाचे पाय काड्यांसारखे झालेत आणि पोट सुजलंय. हा पाव तिकडे एका चोराच्या पोटात जाणार.

सावली लांब होईपर्यंत तिथेच बसले आणि परत आले. पाव शिवणाच्या पेटीत ठेवले. साइमीने विचारलं, "दिलंत?"

"दिलं."

२४ जून

सगळीकडे उन्हाळ्याचा सण, पण या वर्षी कुणी होळ्या पेटवल्या नाहीत. पोरांना मी रोज पावाचा एकेक तुकडा देते. इम्पीला सांगितलं, शिवणाच्या घरी मिळाला. इम्पीने वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "आत्या, हा आईच्या हातचा लागतो."

"सालीचा पाव सगळीकडे सारखाच लागतो. खा मुकाट्याने."

ओइवाचं पोट उतरलंय. देव मानत असते तर हीच खूण समजले असते.

१ जुलै

दुसरं पार्सलही पुलावरून परत आणलं. आता निदान पुढे चालायचं नाटक करावं लागत नाही, सरळ दगडावर जाऊन बसते. विणकाम घेऊन जाते.

४ जुलै

पत्र. "पाव आला नाही. ताई, वाट चुकलाय का? हात बरा नाही. ताप आहे. प्रभू सगळं बघतो." अक्षर तेच गोल.

धमकीच की ही. प्रभू बघतो म्हणे!

साइमी हात पुसून समोर बसली होती. मी कागद धरला आणि जे लिहिलेलं नव्हतं ते वाचलं. "सगळं ठीक आहे. इथला पाद्री इतका लठ्ठ आहे की त्याला बघूनच अर्धं पोट भरतं. इम्पीला म्हणावं, दात पडले असतील तर जपून ठेव, मला लागतील."

साइमी पोट धरून हसली. हसता हसता डोळे पुसले. "बघितलंत वन्सं? आज अगदी त्याच्यासारखं बोललाय. उगीच संशय घेत होतात."

मी कागदाची घडी घातली. कुठेतरी बरंही वाटलं, हे खरं लिहायला हवं. एमेली कसं बोलायचा हे माझ्याइतकं कुणाला येत नाही.

१५ जुलै

तिसरं पार्सल, पीठ संपलं म्हणून नवं धान्य येईपर्यंतचं शेवटचं. पुलावरून परत.

२८ जुलै

तीन आठवडे पत्र नाही. मी म्हटलं नव्हतं? पाव बंद, पत्र बंद. भावाला बहिणीची आठवण पावाविनाही आली असती. हे उत्तर मला पुरे आहे. आता एमेली गेला हे साइमीला कसं सांगायचं एवढंच उरलंय. सध्या ती मागेल तेव्हा मी त्याच जुन्या कागदावरून काहीतरी भर घालून "वाचते." तिला शंका येत नाही. भोळी आहे.

११ ऑगस्ट

रायचं धान्य कापायला आलं. साइमी शेतात एकटीने दोघांचं काम करते आणि गुणगुणते. मला म्हणाली, "नवं पीठ झालं की साल न घालता एक पाव करू या. त्याला खरा पाव खाऊन किती दिवस झाले असतील." मी विहिरीवर निघून गेले.

८ सप्टेंबर

सकाळी फाटकात एक माणूस उभा राहिला. टोपी हातात, डोकं भादरलेलं, कोट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. ओइवा घाबरून माझ्या मागे लपला.

"एमेलीचं घर हेच का? मी नेस्तोरी. त्याच्या शेजारी झोपायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही आलिनाताई. पत्रं मी लिहायचो."

चोर स्वतःच्या पायाने आला, असं मला वाटलं. ओठांवर शब्द तयार होते. पण साइमीने त्याला आत नेलं, बाकावर बसवलं, पुढ्यात नवा पाव ठेवला. त्याने तो लगेच खाल्ला नाही. अर्धा खिशात घातला, मग लाजून परत काढला.

"एमेली गेला," तो म्हणाला. "अकरा जुलैला. मी लिहिलं होतं, पण मेल्याची बातमी ते बाहेर सोडत नव्हते. परवा मला सोडलं, तसा आधी इकडेच आलो."

साइमीने ओइवाला मांडीवर घेतलं आणि घट्ट धरलं.

मी विचारलं. मलाच विचारावं लागलं. "त्याच्या तोंडी प्रभू कुठून आला?"

नेस्तोरी किंचित हसला. "पत्रं आधी छावणीचा पाद्री वाचायचा. देवाचं नाव नसलं की फाडायचा. एमेली म्हणायचा, घाल रे चार प्रभू, पोस्टाची तिकिटं आहेत ती. त्याची तीन बोटं काढली होती. पेन धरता येत नव्हतं. पहिली दोन पार्सलं आली, तेव्हा मला अर्धं अर्धं दिलं त्याने. नको म्हटलं तरी." मग माझ्याकडे वळला. "तुमचा तो गायीचा प्रश्न आला ना, त्या दिवशी तो फार हसला. म्हणाला, ताईचा संशय आलाय बघ पोस्टाने, कोटाच्या शिवणीइतका पक्का. मला सांगितलं, लिही की फाटक तिनेच टाकलं होतं. मी म्हटलं, असं कसं लिहू? म्हणाला, हे आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत नाही. तिला वाटतं मलाही माहीत नाही. हे वाचलं की तिची खात्री पटेल की मीच आहे."

मी चुलीकडे तोंड केलं. लाकडं सारली.

"मग पार्सल आलंच नाही. शेवटी त्याला उठून बसता येत नव्हतं, तरी पार्सलं वाटायच्या वेळी कोपरावर उठायचा. म्हणायचा, ताई पोस्टावरही संशय घेत असेल, स्वतःच चालत घेऊन येत असेल, म्हणून उशीर."

तेव्हा साइमी पहिल्यांदा बोलली. आवाज फाटलेला होता. "पाठवलं होतं! दर पंधरा दिवसांनी! मी भाजलं, वन्संनी बावीस बावीस किलोमीटर चालून दिलं. त्या पहारेकऱ्यांनी खाल्लं असणार. आग लागो त्यांच्या पोटांना!"

नेस्तोरीने मान हलवली. "खायचे खरे."

साइमी उठून माझ्यापाशी आली आणि माझा हात धरला. "तुम्ही किती चाललात हो त्याच्यासाठी."

मी हात काढून घेतला नाही. हे मी लिहिते आहे. मी हात काढून घेतला नाही.

१० सप्टेंबर

फाटक मीच उघडं टाकलं होतं.

बाबांनी विचारलं तेव्हा मी एमेलीकडे बोट दाखवलं. तो इतका लहान होता की मान डोलावून बसला. मला वाटायचं, त्याला खरंच वाटतं की त्यानेच टाकलं. पुढे मलाही तसंच वाटू लागलं. एकतीस वर्षं. त्या दिवशी पत्रात ती ओळ वाचली, ती खरी आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. ते खोटं असायला हवं होतं, म्हणून मी लिहिणाऱ्याला खोटा ठरवलं. आणि पाव पुलावर अडवला.

चोर कोण आणि दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहिणारा कोण, हे आता दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नाही.

१२ सप्टेंबर

साइमी गावभर पहारेकऱ्यांना शिव्या देत फिरते. आज कोर्पिलाच्या मालकालाही तोंडावर बोलली, "तुमच्या माणसांनी माझ्या नवऱ्याचा पाव खाल्ला." मालकाचा चेहरा उतरला. बायका तिला धरून रडतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, नणंद असावी तर अशी. मी मान खाली घालते. त्यांना वाटतं दुःखाने.

कुणाला काही कळणार नाही. नेस्तोरी पुढे आपल्या गावी गेला. पाव पोरांनी खाल्ला. ही वही साइमीच्या डोळ्यांसमोर उघडी पडली तरी तिला त्यातलं अक्षर लागणार नाही. या घरात एक मीच आहे, जी हे वाचू शकते.

ओइवाचे गाल भरलेत. त्याच्याकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवत नाही.

१५ सप्टेंबर

तोंडाने सांगायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा गोठ्यात, एकदा विहिरीवर, एकदा जेवताना. तोंड उघडलं की काहीतरी दुसरंच बाहेर येतं. जेवताना म्हणाले, "मीठ कमी आहे."

म्हणून सकाळी साइमी गोठ्यात असताना बसले आणि एक कागद लिहिला. हाताच्या अक्षरात नाही. तिच्या धर्मपुस्तकासारख्या छापील अक्षरांत, एकेक अक्षर वेगळं, वाटाण्याएवढं. पाच ओळींना तास लागला. पाव मी पाठवला नाही. तीन वेळा पुलावरून परत आणला. त्यातलं दोनदा तो जिवंत होता तेव्हाच. त्याने पाव मागितला होता आणि मी तुला दुसरंच वाचून दाखवलं. फाटकाबद्दलही लिहिलं. कागद तिच्या कपाखाली ठेवला आणि पायरीवर जाऊन बसले.

ती आली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ती वाचू लागली, वाचनाच्या परीक्षेत वाचतात तशी, बोट ओळीखाली धरून, पुटपुटत. वाचनात ती गावात पहिली आहे, पाद्रीबाबांनी तिला कधी एका शब्दाला अडवलं नाही. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीला आवाज थांबला. नंतर तिने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी सगळा कागद संपवला.

ओइवा अंगणात कोंबडीच्या मागे धावत होता.

"वन्सं," आतून हाक आली. "आत या."

मी गेले. तिने कागद माझ्यापुढे धरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला हे अक्षर लागत नाही. तुम्ही वाचून दाखवा."

"साइमी, तू आत्ताच..."

"लागत नाही म्हटलं ना. तुम्हीच वाचता ना नेहमी? वाचा."

तिने हात पुसले आणि समोर बसली. इम्पीही येऊन दारात उभी राहिली. तिला बाहेर पाठव, असं मी म्हणणार होते, पण साइमीने नजरेनेच नाही म्हटलं. मी उभ्याउभ्या कागद वाचला. या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं.